खंडेनवमीची तपासणी

ता. २० सप्टेंबर १९८१

वच्छे, वही देऊन तू सासरी गेलीस त्याला चार महिने झाले आणि पहिलं पान आज लिहितोय. उशीर झाला, रागावू नको. रोज वही काढायचो, पुसायचो, परत फडताळात ठेवायचो. निजामाच्या राजवटीत उर्दू चौथी शिकलेला माणूस मी. मराठी अक्षरं तुम्हा बहीण-भावाच्या पाटीवरच गिरवली. तू म्हणालीस, "दादा, सारखा जिवाला घोर लावून घेता, त्यापरीस लिहून काढा. मी आले की वाचीन." म्हणून बसलो. आता कुठला घोर आधी लिहावा ते समजंना.

शाळेतला सुतारकामाचा वर्ग चालू आहे. अकरा जण, सगळे दहावीचे. एका विषयाच्या जागी त्यांनी सुतारकाम घेतलंय. लेखी पेपर आणि हाताचं काम, दोन्ही. वरून मान्यतेचा कागद आला तरच तो पेपर धरणार. कागद अजून नाही. हेडमास्तरांना (पुढं हे.मा. लिहीन, बोटं आखडतात) आज परत विचारलं. म्हणाले, "तपासणी झाली की येतोय, मिस्त्री. काळजी करू नका." दोन वर्षं हेच ऐकतोय. काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचीच मला जास्त काळजी वाटते.

वर्गाची दोन्ही कुलपं तीन तीन वेळा ओढून बघितली आणि घरी आलो.

ता. २३ सप्टेंबर

चौकटीची खाच शिकवली. एकाची इतकी सैल की म्हणालो, "यात उंदीर संसार मांडंल." सगळी हसली. सुमनच्या खाचेत कागद शिरणार नाही. तिला विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, "तुमीच की. पर तुमच्यापरीस बरी जमली." खरं होतं.

सुमन म्हणजे बौद्धवाड्यातल्या गयाबाईची. गयाबाई तुला आठवत असेल. बाहत्तरच्या दुष्काळात ती, तुझी आई आणि मी एकाच खडीच्या ढिगावर होतो. हे शाळेचं खूळ माझ्या डोक्यात तिथंच शिरलं. मॅट्रिक झालेली पोरं आमच्या शेजारी बसून खडी फोडायची. पहिल्याच दिवशी मुकादमानं विचारलं, कुदळीला दांडा कुणाला बसवता येतो? मी हात वर केला. त्या दिवसापासून मी बाभळीखाली सावलीत आणि ती पोरं उन्हात. पोरांचा राग यायचा नाही, शाळेचा यायचा. इतकी वर्षं बसवून ठेवलं आणि एक दांडा बसवायला शिकवला नाही.

पुढं हे हे.मा. गावात आले, त्यांच्या डोक्यात तेच. त्यांना बोलता येतं, मला येत नाही. दोघं मिळून दारोदार फिरलो. लोक ऐकायचे त्यांचं आणि भरवसा ठेवायचे माझ्यावर. गयाबाई म्हणाली होती, "पोरीला दहावी करून नर्सिंगला घालायचंय मला. तुमचं लाकूड कशाला तासाया लावता?" मी म्हणालो, दहावी होईल आणि हातात काम राहील ते वेगळं. वर्ष वाया गेलं तर मला येऊन विचार. शब्द दिला.

ता. २९ सप्टेंबर

घट बसले. कमलनं (तुझी भावजय) सगळं नीट मांडलं.

तुझा भाऊ दिगू लवकर आला. तो शाळेच्या संस्थेच्या कार्यालयात सेक्रेटरीच्या हाताखाली लिहायला आहे, तीन वर्षं झाली, अजून कायम नाही. हल्ली बोलतो गोड. आज म्हणाला, "दादा, पाय चेपून देऊ का?" मला भीतीच वाटली. लहानपणी एवढं गोड बोलला की समजायचं, काहीतरी फोडलंय.

संध्याकाळी पारावर चेअरमन भेटले. सोसायटीचे चेअरमन तेच, शाळेच्या संस्थेचेही तेच. चार माणसं भोवती. मी मान्यतेचं काढलं तर म्हणाले, "मिस्त्री, रंध्याला कोण मत देतंय? गावाला कालेज पायजे. पोरगं बी.ए. हाय म्हणलं की सोयरीक चालून येती. पोरगं रंधा मारतंय म्हणलं की पावणे च्या पिऊन उठत्यात." सगळे हसले. मीही हसलो, का हसलो कोण जाणे.

वर्गाच्या दोन खोल्यांवर यांचा डोळा आहे हे मागंच कानावर आलं होतं. कॉलेजला जागा दाखवावी लागते. त्या खोल्यांच्या छपराचं ओझं पेलणाऱ्या लाकडी कैच्या माझ्या अकरा जणांनी बसवल्यात. एकही इकडची तिकडं नाही.

ता. ३ ऑक्टोबर

झोप लागत नाही. छातीत धडधड. डॉक्टर म्हणतो गॅस आहे.

मुलांनी तिफण पुरी केली. बी सोडायचं लाकडी चाडं सुमननं कोरलं. बी तिन्ही नळ्यांतून सारखं पडतं का ते बघायला अंगणात ज्वारी टाकून बघितली. सारखं पडलं. शेजारचा एक जण म्हणाला, आता ट्रॅक्टरनं पेरत्यात ढोकीकडं, तिफण कशाला शिकवता? त्याला सांगितलं, तीन नळ्यांत बी सारखं पाडणाऱ्या हाताला उद्या ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र दुरुस्त करायला किती वेळ लागणार? कधी नव्हे ते मला बोलणं जमलं. हे.मा. तिथं पाहिजे होते.

ता. ६ ऑक्टोबर

कमल घटाच्या कडाकण्या तळतीय. ताट भरून वर टोपली. म्हणालो, देवीला एवढ्या? म्हणाली, "असू द्या दादा, पोरं खात्यात." घरात दोनच पोरं.

सुमननं विचारलं, "उद्या तुमची खंडेनवमी ना? आमच्यात पूजा न्हाई. म्या येऊ का नको?" म्हणालो, ये की. पूजा नको करू, हत्यारांना तेल लाव. हत्याराला तेल लावायला कुठला धर्म लागतोय.

हे.मा. म्हणाले, उद्या अर्धा दिवस शाळा, परवा दसऱ्याची सुट्टी.

ता. ७ ऑक्टोबर. खंडेनवमी

सकाळी हत्यारं धुतली, घोंगडीवर मांडली. लाकूड तासायचं वाकस, करवती, रंधे, पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. सुमन बाजूला बसून एकेकाला तेल लावत होती.

अकराच्या सुमाराला जीप आली. तपासणीचे साहेब. बरोबर चेअरमन, सेक्रेटरी, मागं दिगू चहाची किटली घेऊन. हे.मा. धावत आले, त्यांनाही कुणी कळवलं नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, काम चालू करून दाखवा. मी म्हणालो, आज हत्यार उचलत नाहीत साहेब, उद्या कधीपण या. चेअरमन म्हणाले, "मिस्त्री लई धार्मिक हायत आमचे." साहेब चिडले नाहीत. उभ्या उभ्या शेरेबुकात लिहिलं. जीप गेली.

अजून एक झालं. ते आज लिहवत नाही.

ता. ८ ऑक्टोबर. दसरा

आपट्याची पानं घेऊन कुणाकडंच गेलो नाही. हे.मा. घरी आले. शेरेबुकातलं लिहून आणलं होतं, वाचून दाखवलं. 'वर्गाचे कामकाज चालू स्थितीत आढळले नाही. साहित्य पूजेत मांडलेले. विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक पाहता आले नाही.'

विचारलं, चौकटी बघितल्या नाहीत का त्यांनी? तिफण? डोक्यावरच्या कैच्या?

"बघितल्या. म्हणाले, ह्या विद्यार्थ्यांनीच केल्या कशावरून?"

कमलनं चहा ठेवला तो गार झाला.

ता. ११ ऑक्टोबर

चेअरमनांनी कार्यालयात बोलावलं. उभंच ठेवलं. दिगू समोरच्या टेबलावर मान खाली घालून लिहीत होता.

"मिस्त्री, घात तुमीच केला बगा. आमी एवढं साहेबाला घेऊन आलो दारात."

म्हणालो, आधी कळलं असतं तर...

"सरकारी तपासणी काय वाजतगाजत येती व्हय? आता मान्यता न्हाई म्हणजे न्हाई. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करून द्या."

पोरांच्या पेपरचं विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, सोडलेला विषय परत घ्या, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून पुढच्या साली बाहेरून बसा. सोडलेला विषय दोन वर्षांत कुणी उघडलेला नाही. चार महिन्यांत कसा होणार?

येताना वाटेत बाया तुळजापूरला पायी निघाल्या होत्या, कोजागिरीसाठी. एक ओळखीची म्हणाली, चला की मिस्त्री. कुठल्या तोंडानं जाऊ?

ता. १४ ऑक्टोबर

ते लिहितो. नाही लिहिलं तर वच्छे तुला वाचताना सगळा दोष दुसऱ्यांचा वाटेल.

त्या दिवशी साहेब दारापर्यंत गेले आणि परत फिरले. भला माणूस. म्हणाले, "पूजा राहू द्या तशीच. एखादा विद्यार्थी पाच मिनिटं रंधा मारून दाखवेल का? तेवढं पुरे मला."

दहा जणांनी माझ्याकडं बघितलं. सुमन उठली. म्हणाली, "म्या दावते सर. आमच्यात हे पाळत न्हाईत." घोंगडीजवळ गेली, रंधा उचलला. मी तिचं मनगट धरलं. सगळ्यांदेखत. "ठेव खाली," म्हणालो. असा ओरडलो की बाहेरचं कुत्रं उठून गेलं.

तिनं रंधा ठेवला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं होतं. तेही उचलून परत त्याच्यावर ठेवलं, आणि जाग्यावर जाऊन बसली. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

माझ्या बापानं एका खंडेनवमीला जमीनदाराच्या पलंगाचं काम अडलं असताना हत्यार उचललं नव्हतं, चाबूक खाल्ला होता. ते माझ्या डोक्यात. पण माझ्या बापाच्या समोर पलंग होता. माझ्यासमोर काय होतं?

ता. १७ ऑक्टोबर

उद्यापासून शाळेला दिवाळीची सुट्टी. हे.मा.नी पालकांना बोलावलं. मी दाराशी बसलो.

एक जण म्हणाला, पोरगं आता कारखान्यावर ऊसतोडीला धाडतो, तिथं तरी सर्टिफिकेट मागत न्हाईत. एक जण म्हणाला, मिस्त्रीनं आमच्या पोरांकडनं शाळेच्या खोल्या फुकट बांधून घेतल्या. हे ऐकून हे.मा. काही बोलतील वाटलं. ते खडू हातात फिरवत राहिले.

गयाबाई सगळे गेल्यावर उठली. आवाज चढवला नाही.

"मिस्त्री, खडीवर तुमच्या बायकोला चक्कर यायची तवा तिची पाटी म्या उचलायची. आठवतंय?"

म्हणालो, आठवतंय.

"पोरगी घरी येऊन येक शब्द बोलली न्हाई. बाकीच्या पोरांकडनं कळालं मला, तिचा हात धरला म्हणून."

मी हात जोडले. म्हणाली, "हात जोडू नका. मला चेअरमननं शबुद दिला न्हवता, तुमी दिलता. वर्ष गेलं तर येऊन विचार म्हणलावता. आले बगा विचाराया. काय सांगता?"

तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि गेली.

ता. २२ ऑक्टोबर

आज दुपारी कमल डबे घासत होती. डब्याच्या तळाला कडाकण्यांचा चुरा निघाला. म्हणाली, "बगा दादा, साहेबासाठी टोपलीभर तळून घेतल्या आन् साहेबानं येक बी खाल्ली न्हाई. सगळ्या वाया."

विचारलं, कुठल्या साहेबासाठी?

"तपासणीच्या की. हे आदल्या दिवशी म्हणाले, उद्या साहेब येणारेत, फराळाचं लागंल."

ती सहज बोलली. माझ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हातातला डबा तसाच राहिला. म्हणाली, "दादा, मला वाटलं तुमाला ठावं हाय."

मी त्यातल्या दोन कडाकण्या खाल्ल्या होत्या. देवीच्या म्हणून.

ता. २३ ऑक्टोबर

दिगू जेवून उठला तेव्हा विचारलं. तुला ठाऊक होतं?

"व्हय."

किती दिवस?

"पत्र आलं तवापासनं. आठ दिस."

म्हणालो, तारीख साहेबांनी धरली का इथून गेली? त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "साहेबानं विचारलं होतं, कुठली तारीख सोयीची. सेक्रेटरीनं सात कळवायला सांगितली. पत्र म्याच लिवलं."

त्या पत्रातलं अक्षर मला डोळ्यांसमोर दिसलं. सुंदर आहे त्याचं. मीच पाटीवर मारून मारून वळवलंय, उर्दूवाला असून.

म्हणालो, बापाला सांगावंसं वाटलं नाही?

"सांगितलं असतं तर तुमी हत्यार उचललं असतं का?"

तो बोलतच सुटला, कधी नाही तो. "कालेज झालं की मला क्लार्कची कायम जागा हाय. तीन वर्षं च्याची किटली घेऊन पळतोय म्या, दादा. तुमी म्हणता हाताला काम शिकवा. मला का न्हाई शिकवलं? तवा तर म्हणायचा, तू शीक, साळंत जा, माझ्यावानी वाकस मारत बसू नगस."

खरं आहे. म्हणालो होतो.

कमल आत रडत होती.

ता. २४ ऑक्टोबर

उत्तर आज सकाळी सुचलं. मी हत्यार उचललं नसतं. पण आधी कळलं असतं तर त्या दिवशी पहाटेच उठून तुळजापूरला दर्शनाला गेलो असतो. सुमनच्या हातात किल्ली दिली असती. पूजा झाली असती आणि वर्गही चालला असता. एवढं सोपं होतं. काल तो समोर उभा होता तेव्हा का सुचलं नाही.

दिगूला सांगायला बाहेर आलो तर तो गेलेला.

ता. २७ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दिगूनं माझ्यासाठी नवं धोतर आणलं. घेतलं नाही. घेतलं नाही म्हणून दिवसभर वाईट वाटलं. घेतलं असतं तरी वाटलं असतं.

ता. ३० ऑक्टोबर

शाळेचा शिपाई हातगाडीवर हत्यारं घेऊन आला. पोत्यात भरलेली. करवती आणि पटाश्या एकाच पोत्यात, धारा गेल्या. म्हणाला, "मला सांगितलं तसं केलं मिस्त्री, माझ्यावर रागवू नका." खोल्यांना चुना चालू आहे म्हणे. मुलांनी केलेल्या चौकटी व्हरांड्यात काढून ठेवल्यात. तिफण कुठं आहे, त्याला सांगता आलं नाही.

बसून सगळ्या पटाश्यांना धार लावली. कशासाठी ते विचारू नको.

ता. २ नोव्हेंबर

सुमन आली. मनगट धरल्यापासून पहिल्यांदा. दारात उभी राहून म्हणाली, "माझा गुण्या तुमच्या पोत्यात आलाय का?" काढून दिला. गेली नाही.

म्हणाली, "साहेबाला परत बोलवता येत न्हाई का? शेरेबुकात त्यांनी 'बंद' लिवलं न्हाई. 'आढळलं न्हाई' लिवलंय. म्हंजी आढळाया पायजे. येकदा बगा म्हणून लिवू की."

मी दोन वर्षांपूर्वी या पोरीला रंधा कुठल्या हातात धरायचा ते शिकवलं.

म्हणालो, सुमन, त्या दिवशी माझी चूक झाली. ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मग म्हणाली, "लिवायचं का? म्या लिवते, तुमी सांगा."

ता. ३ नोव्हेंबर

अर्ज लिहिला. मी उर्दू वळणाचं सांगायचो, ती नीट करायची. 'दरखास्त' म्हणालो तर हसली. मजकूर असा: अकराही विद्यार्थी काम करून दाखवायला तयार आहेत. साहेबांनी न कळवता कुठल्याही दिवशी यावं. अमावास्येला यावं, सणाला यावं. हत्यारं चालू असतील.

'सणाला' हे मीच घालायला लावलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग लिहिलं.

खाली अकरा जणांच्या सह्या पाहिजेत. दोघं ऊसतोडीला गेलेत. बाकीच्यांच्या ती घरोघर जाऊन घेणार.

ता. ५ नोव्हेंबर

सुट्टी असली तरी हे.मा. गावातच आहेत. अर्ज घेऊन गेलो. दोनदा वाचला. डोळे पुसले. मला राग आला, डोळे पुसण्यापेक्षा सभेत बोलला असतात तर.

मग पेन काढून सही केली. म्हणाले, "माझी नोकरी संस्थेच्या हातात आहे मिस्त्री, तरी करतो. पण संस्थेचा शिक्का आणि जावक नंबर असल्याशिवाय हा कागद तिथं कुणी हातात धरणार नाही. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली तुमच्या दिगंबरकडं. पुढचं तुमच्या घरातलं आहे."

फॉर्म भरायची मुदत वीस तारखेपर्यंत.

ता. ६ नोव्हेंबर

दिवसभर कागद बंडीच्या खिशात. जेवताना काढायचा म्हणून ठरवलं, हिंमत झाली नाही. तो पाणी प्यायला उठला तेव्हा समोर धरला. घडी घामानं ओली झालेली.

त्यानं उभ्या उभ्या वाचला. सुमनचं अक्षर त्यानं ओळखलं. 'सणाला यावं' इथं थांबला. वर बघितलं.

म्हणालो, तू विचारलं होतंस ना, उचललं असतं का. मी तुळजापूरला गेलो असतो रे. तिला किल्ली दिली असती.

त्यानं कागदाची परत घडी केली. मला वाटलं परत देतोय. शर्टाच्या खिशात घातला आणि बाहेर गेला. कमल म्हणाली, "घेतला की दादा. नसतं करायचं तर परत दिला असता." मी म्हणालो, फाडायचा असला तरी घ्यावाच लागतो.

ता. ७ नोव्हेंबर

दिगू पहाटेच्या गाडीनं चेअरमनांबरोबर उस्मानाबादला गेला, कॉलेजच्या कामाला. तीन-चार दिवस लागतील. मला उठवलं नाही. शर्ट तोच होता का, कमलला विचारलं. तिनं बघितलं नाही.

ता. ११ नोव्हेंबर

आला नाही. लोहाऱ्याची जीप येते तेव्हा फाट्यावर जाऊन उभा राहतो. जीपवाला म्हणाला, "मिस्त्री, कुणाची वाट बगता रोज? पावणे येणारेत का?" म्हणालो, व्हय.

गयाबाई ओढ्यावर दिसली. विचारलं नाही. डोक्यावरचा भारा सावरून थोडी थांबली, मी काही बोलेन म्हणून. मी पुढं निघालो.

ता. १३ नोव्हेंबर

अजून नाही. एक जण सांगत होता, चेअरमन औरंगाबादला गेलेत, दिगू बरोबर आहे. दुसरा म्हणतो, दिगूला परवा स्टँडवर एकटाच बघितला, हातात फाईल होती. कुणाचं खरं धरू?

शाळा सोमवारी उघडते. मुलं कुठल्या खोलीत बसणार?

दिगू उस्मानाबादला ज्या लॉजवर उतरतो तिथल्या पत्त्यावर कार्ड टाकलं. आयुष्यात त्याला लिहिलेलं पहिलं पत्र. इथं उतरून ठेवतो.

'चि. दिगंबर यास आशीर्वाद. इकडं सर्व ठीक. पोरं आठवण काढतात. धोतर मी नेसलो, मापात आहे. तुला ओरडायला लिहीत नाही. तो कागद पुढं गेला का नाही, एवढंच हवं. गेला असला तर नंबर लिही, सुमनला दाखवीन. गेला नसला, फाडला असलास, तरी तसं लिही. मग मी गयाबाईच्या दारात जाऊन स्वतः सांगीन, आणि पोरीला सोडलेला विषय शिकवणारं कुणीतरी उद्यापासून शोधीन. मधे लोंबकळत ठेवू नको. वीस तारखेला सात दिवस राहिलेत. दोन्हीतलं काहीही असो, लवकर कळव.'